टेप ड्राइव्ह एक, कामं दोन: लिहिणं आणि वाचणं यांचा मेळ कसा घालायचा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतला लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओ असो, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं डिझाइन ऑफिस असो, नाहीतर एखाद्या रुग्णालयाचा एमआरआय विभाग, मांडणी साधारण सारखीच दिसते. एक एलटीओ-८ ड्राइव्ह (चुंबकीय फितीच्या टेपवर डेटा लिहिणारं-वाचणारं यंत्र, आठव्या पिढीचं), एक सर्व्हर आणि कपाटात तीस-चाळीस टेप. रात्री नवा डेटा टेपवर जातो आणि दिवसा कुणीतरी जुना मागतो. दोन-चार महिन्यांत तक्रार सुरू होते: लिहायला दुप्पट वेळ लागतो, एक फाइल काढायला अर्धा तास जातो, ड्राइव्ह सारखा घरघरतो. मग ड्राइव्ह दुरुस्तीला जातो आणि तिथून ‘काही दोष नाही’ म्हणून परत येतो.

दोष बहुतेक वेळा कामाच्या क्रमात असतो. टेपला एकच फीत आणि ड्राइव्हला हेडचा (लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागांचा) एकच संच असतो, त्यामुळे लिहिणं आणि वाचणं एकाच वेळी होत नाही. दोन्हींची रांग आपल्यालाच लावावी लागते, आणि ती लिहिण्याच्या आधी ठरवावी लागते. खालचे टप्पे एकाच ड्राइव्हच्या मांडणीसाठी आहेत. उदाहरण लग्नाच्या फुटेजचं आणि अर्ध्या उंचीच्या एलटीओ-८ ड्राइव्हचं घेतलं आहे. या टेपवर कॉम्प्रेशनशिवाय १२ टीबी बसतात आणि ड्राइव्हचा वेग ३०० एमबी/सेकंद असतो. पूर्ण उंचीचा ड्राइव्ह ३६० पर्यंत जातो.

## टप्पा १: डेटा पुरवण्याचा खरा वेग मोजा

ड्राइव्हला जास्तीत जास्त वेग असतो तशी एक खालची मर्यादाही असते. डेटा हळू आला की ड्राइव्ह फितीचा वेग कमी करून जुळवून घेतो, पण एका मर्यादेपर्यंतच. एलटीओ-८ मध्ये ती साधारण ११० एमबी/सेकंदच्या आसपास असते. नेमका आकडा आपल्या ड्राइव्हच्या माहितीपत्रकात पाहून सर्व्हरवर चिकटवून ठेवा. पुरवठा याच्या खाली गेला की ड्राइव्हचा बफर (डेटा तात्पुरता धरून ठेवणारी मेमरी) रिकामा होतो, फीत थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते आणि तुटलेल्या जागेपासून लिहू लागते. प्रत्येक वेळी काही सेकंद वाया जातात आणि हेड व फीत दोन्ही झिजतात. कान देऊन ऐकलं तरी कळतं. नीट चालणाऱ्या ड्राइव्हची एकसुरी गुणगुण असते. उपाशी ड्राइव्ह दर काही सेकंदांनी दम टाकतो: घर्र, शांतता, पुन्हा घर्र.

आता एक गिगाबिट नेटवर्कवरच्या स्टोरेजचा विचार करा. तिथून प्रत्यक्षात १०५ ते ११५ एमबी/सेकंद मिळतात, म्हणजे नेमकं मर्यादेच्या उंबरठ्यावर. म्हणून अशा ठिकाणी बॅकअप एके दिवशी नीट चालतो आणि दुसऱ्या दिवशी रखडतो. ‘चालतंय की’ म्हणून हा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच राहतो.

मोजण्याची पद्धत:

१. नेहमीच्या कामातला खरा फोल्डर घ्या, सर्व्हरच्या रॅमच्या किमान दुप्पट आकाराचा. लहान घेतला तर दुसऱ्या वेळी तो रॅममधूनच वाचला जातो आणि आकडा फुगतो.

२. टेप न लावता तो फोल्डर टारमधून (फाइलींचा एक गठ्ठा बांधणारा प्रोग्राम) पाइपने एमबफरकडे (डेटा रॅममध्ये साठवून पुढे सोडणारा प्रोग्राम) पाठवा आणि तिथून शून्य डिव्हाइसवर (/dev/null, आलेला डेटा टाकून देणारी जागा) टाका.

३. सरासरीबरोबर सगळ्यात कमी वेगही लिहून ठेवा. ड्राइव्ह अडतो तो त्या कमी वेगावर.

सावधान: टारला थेट शून्य डिव्हाइसवर लिहायला सांगू नका. जीएनयू टार ते ओळखतो आणि फाइलींमधला मजकूर वाचतच नाही. मग सेकंदाला काही जीबी असा आकडा येतो आणि माणूस खूश होतो.

कॉम्प्रेशनचाही हिशेब इथेच करा. व्हिडिओ आणि जेपीईजी आधीच दाबलेले असतात, त्यांना फरक पडत नाही. पण फाउंड्रीची ड्रॉइंग, हिशेबाचा डेटाबेस किंवा लॉग निम्मे होत असतील तर ड्राइव्हला दुप्पट वेगाने डेटा लागतो. म्हणजे खालची मर्यादाही ११० वरून २२० वर जाते. ‘डेटा कमी झाला, मग वेळ का वाढला?’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथे असतं.

## टप्पा २: मध्ये एक टाकी ठेवा

कॅमेऱ्याच्या कार्डवरून, पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून थेट टेपवर लिहू नका. मध्ये स्टेजिंग डिस्क हवी. पाण्याची मोटर आणि नळ यांच्यामध्ये टाकी असते, तसंच.

- आकार: दोन रात्रींच्या कामाइतका. रोज १.५ टीबी येत असेल तर किमान ३ टीबी.
- प्रकार: एसएसडी. एकटी हार्ड डिस्क मोठ्या फाइलींवर दोनशेच्या पुढे जाते, पण आतल्या पट्ट्यावर किंवा फाइली विखुरलेल्या असल्या की पडते.
- भाग दोन: एकात नवं भरायचं, दुसऱ्यातून टेपकडे उपसायचं. हार्ड डिस्क वापरणारच असाल तर दोन वेगळ्या डिस्क हव्यात. एकाच डिस्कवर कार्ड रिकामं करणं आणि टेपला डेटा देणं एकदम चाललं की दोन्ही कामं रखडतात.
- जोडणी: ड्राइव्ह साध्या एसएएस एचबीए कार्डाला (ड्राइव्ह सर्व्हरला थेट जोडणारं कार्ड) जोडा. रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र बांधणारं कार्ड) जोडलेले टेप ड्राइव्ह दिसत नाहीत किंवा दिसले तरी मधूनच गायब होतात.

टाकीनंतर रॅममधला बफर. एमबफरला ८ जीबी मेमरी द्या आणि ८० टक्के भरल्यावरच टेपकडे सोडायला सांगा. ३०० च्या वेगाला ही मेमरी जेमतेम पंचवीस सेकंद पुरते, पण छोट्या फाइलींचा एखादा खडबडीत पट्टा पार करायला तेवढी बस होते.

ब्लॉकचा (टेपवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार २५६ केबी ठरवा आणि कायम तोच ठेवा. टारमध्ये ब्लॉकिंगचा आकडा ५१२ दिला की २५६ केबी होतात. हा आकडा प्रत्येक टेपच्या लेबलवर लिहा. पुढे कुणी टारच्या मूळ सेटिंगने, म्हणजे १० केबी ब्लॉकने, ती टेप वाचायला गेला तर लिनक्स ‘मेमरी देता येत नाही’ असा संदेश देतो. लोक मग सर्व्हरची रॅम वाढवतात. रॅमचा इथे काही संबंध नाही, वाचणारा ब्लॉक लहान पडलेला असतो.

तपासा: १०० जीबी टेपवर लिहून पाहा. ३०० च्या वेगाने साडेपाच ते सहा मिनिटं लागतील. दहा मिनिटांच्या वर गेलं तर पुढे जाऊ नका, टप्पा १ पुन्हा करा.

## टप्पा ३: वाचायचं कसं, ते लिहिण्याआधी ठरवा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे जरा थांबू.

टेपवर डेटा एका सरळ रेषेत पडत नाही. एलटीओ-८ ची फीत ९६० मीटर लांब असते आणि ड्राइव्ह तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत २०८ फेऱ्या मारतो. एक फेरी साधारण ५८ जीबीची. पहिली फेरी पुढे, दुसरी मागे, तिसरी पुन्हा पुढे. त्यामुळे सुरुवातीपासून ४० जीबीवर असलेली फाइल आणि ७५ जीबीवर असलेली फाइल फितीवर एकमेकींपासून वीस मीटरच्या आत येतात. उलट ५ जीबी आणि ५५ जीबी यांच्यामध्ये आठशे मीटरहून जास्त फीत असते. एखादी फाइल गाठायला सरासरी मिनिटभर जातं, ते या धावाधावीत.

आता हिशेब करा. एका लग्नाचं फुटेज ३०० जीबी आहे आणि गिऱ्हाइकाला त्यातल्या २० क्लिप हव्यात, प्रत्येकी २ जीबी. एक क्लिप वाचायला सात सेकंद लागतात, पण शोधायला मिनिट. विखुरलेल्या असल्या तर २० क्लिपना वीस मिनिटांच्या वर. तेच लग्न टेपवर सलग पडलेलं असेल तर अख्खं ३०० जीबी एका दमात एसएसडीवर उतरवायला सतरा मिनिटं पुरतात. वर गिऱ्हाइकाने उद्या एकविसावी क्लिप मागितली तर ती डिस्कवर हजर.

यातून नियम निघतात:

१. जे एकत्र मागितलं जाईल ते एकत्र लिहा. लग्नाचा गठ्ठा लग्नानुसार, ड्रॉइंगचा गिऱ्हाइकानुसार, रुग्णालयातला महिन्यानुसार. तीन कॅमेऱ्यांची कार्डं तीन वेगळ्या रात्री टेपवर टाकू नका. तिन्ही टाकीत जमली की मगच गठ्ठा बांधा.

२. लहान फाइलींचा टार गठ्ठा करा. २० केबीच्या एक लाख फाइली सुट्या लिहिल्या तर डेटा जेमतेम २ जीबी, पण ड्राइव्ह प्रत्येक फाइलीपाशी अडखळतो. गठ्ठा ५० ते ३०० जीबीच्या दरम्यान ठेवा. त्याहून मोठा केला तर एका फाइलीसाठी फार वाचावं लागतं.

३. प्रत्येक गठ्ठ्याची यादी (फाइलीचं नाव, आकार, चेकसम म्हणजे फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा, टेपचा क्रमांक, टेपवरचा गठ्ठ्याचा क्रमांक) डिस्कवर ठेवा, टेपवर नाही. ‘कुठल्या टेपवर आहे बघू’ म्हणून टेप लावत बसणं हा ड्राइव्हचा सगळ्यात महाग वापर आहे.

४. बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये अनेक संगणकांचे प्रवाह एकत्र विणून लिहिण्याची सोय असते. लिहिताना ड्राइव्ह भरधाव चालतो, पण वाचताना एका संगणकाचा डेटा काढायला सगळ्यांचा डेटा ओलांडावा लागतो. टाकी असेल तर या विणकामाची गरज उरत नाही. बंद करा.

एलटीएफएस (टेप डिस्कसारखी फोल्डर-फाइलींत दाखवणारी पद्धत) वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. एलटीएफएस ठराविक वेळाने, बहुधा दर पाच मिनिटांनी, टेपवर अनुक्रमणिका लिहितं. ते अंतर वाढवलं तर लिहिणं सलग होतं, पण मध्येच वीज गेली तर शेवटच्या अनुक्रमणिकेनंतरचं शोधायला दुरुस्तीचं साधन चालवावं लागतं. ऑनलाइन यूपीएस असेल तरच वाढवा. नुसत्या इन्व्हर्टरवर असाल तर आहे तेच ठेवा.

## टप्पा ४: घड्याळ लावा

एका ड्राइव्हचे दिवसाचे चोवीस तास वाटून घ्या. रोज १.५ टीबी येत असेल तर:

- लिहिणं: ८३ मिनिटं
- तेच वाचून चेकसम जुळवणं: ८३ मिनिटं
- दुसऱ्या टेपवर दुसरी प्रत: पुन्हा ८३ अधिक ८३

एकूण साडेपाच तास, टेप बदलण्याचा वेळ वेगळा. टेप मधेच बदलावी लागते, म्हणून एका टेपचं काम संध्याकाळी सातला आणि दुसरीचं घरी जाताना लावलेलं बरं. सकाळी अकरा ते एक वाचण्यासाठी राखून ठेवा. दुपार मोकळी सोडा, कारण काहीतरी अडतंच.

रोज थोडं थोडं लिहू नका. टाकीत किमान ५०० जीबी जमलं किंवा तीन दिवस झाले, यातलं जे आधी होईल तेव्हा लिहा. तोवर मूळ कार्ड पुसायचं नाही.

लग्नसराईत लिहिण्याचा भार असतो. आषाढात मुहूर्त उतरले की जुन्या टेप वाचून तपासण्याचं काम काढा, ते सराईत कधीच होणार नाही.

एलटीओ-९ वापरत असाल तर नवी टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिची मोजणी करतो. सरासरी ४० मिनिटं, कधी दोन तासही लागतात. या काळात ड्राइव्ह अडकल्यासारखा वाटतो. वीज बंद करू नका. नव्या खोक्यातल्या सगळ्या टेप मोकळ्या दुपारी एकेक करून तयार करून ठेवा, म्हणजे रात्रीचं काम खोळंबत नाही.

## टप्पा ५: वाचण्याच्या मागण्या गोळा करा, मग टेप लावा

१. मागणी आली की लगेच टेप शोधायला धावू नका. वहीत किंवा शीटमध्ये नोंद करा: काय हवं, कुणाला, कधीपर्यंत.

२. अकरा वाजता यादी टेपनुसार लावा, आणि एका टेपमधल्या मागण्या गठ्ठ्याच्या क्रमांकानुसार. टेप एकदाच आत जावी आणि एकदाच बाहेर यावी.

३. टेप आत घालण्याआधी तिची लिहिणं रोखणारी खिट्टी कुलपाच्या बाजूला सरकवा. यात अपवाद नाही.

४. वाचलेलं एसएसडीवर उतरवा. वाचतानाही तीच खालची मर्यादा लागू आहे: डिस्कने घेतलं नाही तर ड्राइव्ह थांबतो आणि मागे जातो. स्वस्त एसएसडीचा सुरुवातीचा वेग फसवा असतो, आतला कॅश भरला की ती हार्ड डिस्कच्याही खाली जाते. गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवर थेट टेपवरून कॉपी करणं तर सोडूनच द्या.

५. एलटीएफएसवरून फाइली काढताना त्या टेपवरच्या सुरुवातीच्या ब्लॉकच्या क्रमाने घ्या. नावाच्या क्रमाने घेतल्या तर फीत इकडून तिकडे पळते. ब्लॉकचा क्रमांक एलटीएफएस प्रत्येक फाइलीच्या जादा गुणधर्मात देतं, आणि त्या क्रमाने कॉपी करणारं छोटं साधनही मिळतं. पूर्ण उंचीचा एलटीओ-९ ड्राइव्ह स्वतःच कमी धावपळीचा क्रम सुचवतो, फक्त सॉफ्टवेअरला ती सोय वापरता आली पाहिजे.

सावधान: टेपवरचा फोल्डर माउसने उघडून चित्रांची झलक पाहू नका. झलक दाखवण्यासाठी संगणक प्रत्येक व्हिडिओचा तुकडा वाचायला जातो आणि फीत दहा-वीस मिनिटं नुसती पळत राहते. अँटिव्हायरस आणि मॅकवरचं शोध-अनुक्रमणिकेचं काम हाच घोळ करतात. दोन्हींना टेप वगळायला सांगा. एकाच टेपवरून दोघांनी एकदम कॉपी लावली तर एकाचंही काम धड होत नाही.

## टप्पा ६: लिहिणं चालू असताना तातडीची मागणी आली तर

चालू गठ्ठा पूर्ण होऊ द्या. ३०० जीबीचा असला तरी सतरा मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागत नाही. गठ्ठा ठराविक आकाराचा ठेवायचा हाही एक फायदा. मग फाइलमार्क (गठ्ठा संपल्याची टेपवरची खूण) पडल्याची खात्री करा, टेप बाहेर काढा, वाचायची टेप घाला. गुंडाळणं, काढणं, घालणं, जागा शोधणं धरून या अदलाबदलीला पाचेक मिनिटं जातात. त्यामुळे दिवसातून एखादी तातडी चालते, पाच आल्या तर त्या तातडी नव्हेत, रांगेत घाला.

हवा असलेला डेटा लिहिणं चालू असलेल्याच टेपवर असेल तर मात्र इथे सगळ्यात मोठा धोका आहे. टेपवर मध्ये कुठेही लिहिलं की त्या जागेनंतरचं सगळं गेलं असं समजा. ड्राइव्हच्या दृष्टीने नव्या लिखाणाच्या टोकालाच डेटा संपतो. तिसरा गठ्ठा वाचला, फीत तिथेच उभी आहे आणि रात्रीचं काम आपोआप सुरू झालं, की चौथ्यापासून पुढचं सगळं हातचं जातं. (एलटीएफएस हे स्वतः सांभाळतं. टारवाल्यांनी सांभाळायचं.)

क्रम असा:

१. वाचून झाल्यावर फीत डेटाच्या शेवटी न्या. एमटीमध्ये (लिनक्सवरून टेप पुढे-मागे नेणारा प्रोग्राम) त्यासाठी वेगळा आदेश आहे.

२. एमटीच्या स्थितीतला फाइल क्रमांक वहीतल्या गठ्ठ्यांच्या संख्येशी जुळवा. सात गठ्ठे असतील आणि मोजणी शून्यापासून असेल तर क्रमांक ७ दिसला पाहिजे.

३. जुळला तरच लिहा. नाही जुळला तर टेप काढा, खिट्टी लावा, नवी टेप घ्या.

लिनक्समध्ये टेपची दोन डिव्हाइस दिसतात: काम झाल्यावर आपोआप सुरुवातीला गुंडाळणारं आणि न गुंडाळणारं, म्हणजे ‘एन’ने सुरू होणारं. गठ्ठ्यामागे गठ्ठा लिहायचा असेल तर न गुंडाळणारंच वापरा. गुंडाळणाऱ्या डिव्हाइसने लिहिलं तर प्रत्येक गठ्ठा आधीच्यावर पडतो आणि शेवटी टेपवर एकच उरतो. हे वाचायला जाईपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

## टप्पा ७: हवा, धूळ, पूर

टेप १६ ते २५ अंश आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायची. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात नुसती खिडकी उघडी राहिली तरी खोलीतला काटा याच्या बराच वर जातो. कपाटात आर्द्रतामापक ठेवा. कूलर त्या खोलीत नको, तो दमटपणा वाढवतो. बाहेरून आलेली टेप डबी न उघडता चोवीस तास खोलीत राहू द्या, मगच ड्राइव्हमध्ये घाला. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात ड्राइव्ह शॉपच्या भिंतीलगत ठेवू नका. ड्राइव्हचा पंखा हवा आत ओढतो आणि तिच्याबरोबर वाळू-लोखंडाची बारीक काळी धूळही.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तळमजल्यावर टेप ठेवू नका हे सांगायची गरज नसावी. पण दुसरी प्रत कुठे, याचा विचार कमी होतो. सांगली सोयीची वाटते, पण पंचगंगा आणि कृष्णा एकाच पावसात चढतात. पुण्याला ठेवली तर शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्यावर ती काही दिवस हाती लागत नाही. दोन प्रती असतील तर एक गावातच उंचावर वरच्या मजल्यावर आणि दुसरी पुण्याला किंवा बेळगावला ठेवावी. रोज वाचायला लागणारी प्रत गावातली.

## टप्पा ८: महिन्यातून एकदा बघायच्या गोष्टी

ड्राइव्हच्या टेपअलर्ट नोंदी (क्रमांक दिलेले इशारे) काढा. २० म्हणजे आत्ता साफ करा, २१ म्हणजे लवकरच करा. ३ म्हणजे वाचताना किंवा लिहिताना न सुटलेली चूक. ७ म्हणजे टेपचं आयुष्य संपत आलं, तिची प्रत काढून तिला निवृत्त करा. साफ करायची टेप ड्राइव्हने मागितल्यावरच घाला. दर सोमवारी सवय म्हणून घातली तर हेडच घासले जातात आणि साधारण पन्नास वापरांची ती टेपही फुकट संपते.

भरलेल्या टेपवर प्रत्यक्ष किती बसलं तेही लिहा. लिहिल्या लिहिल्या ड्राइव्ह वाचून पाहतो, आणि चुकलं तर तोच भाग पुढे पुन्हा लिहितो. हेड घाण झाले की ही पुनरावृत्ती वाढते आणि टेप लवकर भरते. व्हिडिओच लिहिणाऱ्या ड्राइव्हवर १२ टीबीऐवजी सलग दोन-तीन टेप ११ च्या आसपास भरल्या तर हेड साफ करा, नंतर नव्या टेपवर पुन्हा पाहा. मात्र सॉफ्टवेअर १०.९ दाखवत असेल तर आधी एकक बघा. १०२४ च्या पटीत मोजणारं सॉफ्टवेअर १२ टीबीलाच १०.९ म्हणतं, तिथे घाबरायचं कारण नाही.